याप्य देह, नित्य कर्म

रोग बरा न करणारा, तरीही एक दिवससुद्धा सोडता न येणारा उपचार माणसाच्या कर्माच्या कोणत्या प्रकारात मोडतो, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटला तरी त्याचे मूळ धर्मविचारात आहे. ताप उतरला की काढा थांबतो, मोडलेले हाड सांधले की प्लास्टर निघते. सामान्य उपचाराला असा शेवट असतो आणि त्या शेवटाच्या भरवशावर त्याचे कष्ट सोसले जातात. दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्यावर पोटाच्या डायलिसिसवर जगणाऱ्या माणसाच्या वाट्याला हा भरवसा येत नाही. मूत्रपिंडाचे रोपण झाले नाही तर उपचार आयुष्याइतकाच लांब असतो, आणि आयुष्य जितके लांबते तितके उपचाराचे ओझेही वाढत जाते. अशा उपचाराचे मोल फळावरून ठरवायला गेले तर तो निष्फळ ठरतो. केवळ अंगवळणी पडलेली सवय म्हणून पाहिले तर त्यामागचे धैर्य दिसेनासे होते. भारतीय परंपरेत अशा कर्माचा विचार फार पूर्वी, वेगळ्या संदर्भात, पण विलक्षण बारकाईने झालेला आहे. तो विचार परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावसारख्या गावातल्या घरात नेऊन पाहिला तर काय हाती लागते आणि तो कोठे अपुरा पडतो, हे येथे तपासायचे आहे.

प्रथम या उपचाराचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. आतडी, यकृत इत्यादी अवयवांवर आणि पोटाच्या भिंतीच्या आतील बाजूस एक पातळ, ओलसर पडदा असतो. त्याला उदरपटल म्हणतात. हा पडदा पसरला तर त्याचे क्षेत्रफळ साधारणपणे अंगावरील कातडीइतके भरते आणि त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पोटात शस्त्रक्रियेने बसवलेल्या मऊ नळीतून सुमारे दोन लिटर ग्लुकोजयुक्त द्राव आत सोडला, की रक्तातील युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम यांसारखी द्रव्ये पडद्यातून त्या द्रावात उतरतात आणि ग्लुकोजच्या ओढीने शरीरात साठलेले जास्तीचे पाणीही त्यात येते. चार ते सहा तासांनी हा द्राव काढून टाकायचा आणि नवा भरायचा. घरोघरच्या भाषेत यालाच ‘बॅग बदलणे’ म्हणतात. जर्मन वैद्य गेऑर्ग गांटर यांनी १९२३ मध्ये मूत्रपिंडाच्या आजारात या पडद्याचा असा उपयोग करून पाहिला, हेन्री टेन्कहॉफ यांनी १९६८ मध्ये दीर्घकाळ पोटात राहू शकणारी नळी प्रचारात आणली, आणि १९७६ मध्ये अमेरिकेतील पोपोविच व मॉन्क्रीफ यांनी यंत्राशिवाय, दिवसभर अखंड चालणाऱ्या पद्धतीची कल्पना मांडली. भारतात ही पद्धत १९९० च्या दशकाच्या आरंभी रुजू लागली. दिवसाला चार बॅगा धरल्या तर वर्षाला १,४६० आणि पाच वर्षांत ७,३०० वेळा हे कर्म करावे लागते, आणि प्रत्येक वेळी निचरा व भरणा मिळून अर्धा ते पाऊण तास जातो.

मीमांसा हे वैदिक कर्माच्या विधानांचा अर्थ लावणारे दर्शन आहे. त्यात कर्माचे तीन प्रकार सांगितले जातात. पाऊस, पुत्र किंवा स्वर्ग अशा एखाद्या इच्छेने केले जाते ते काम्य कर्म. ग्रहण, जन्म, मृत्यू अशा निमित्ताने करावे लागते ते नैमित्तिक. आणि कोणतीही इच्छा वा निमित्त नसताना केवळ जिवंत आहे म्हणून करायचे ते नित्य कर्म. नित्य कर्म केल्याने काही वेगळे फळ पदरात पडत नाही, मात्र ते चुकले तर दोष लागतो. या दोषाला ‘प्रत्यवाय’ अशी संज्ञा आहे. सकाळ-संध्याकाळ अग्नीत आहुती देण्याचे अग्निहोत्र हे त्याचे ठळक उदाहरण. शतपथ ब्राह्मणाने अग्निहोत्राला ‘जरामर्य सत्र’ म्हटले आहे, म्हणजे ज्यातून जरा किंवा मृत्यू यांखेरीज सुटका नाही असा दीर्घ यज्ञ. पोटाच्या डायलिसिसचे वर्णन करायला याहून नेमके शब्द सापडणे कठीण आहे. बॅग बदलल्याने रुग्णाला काही नवे मिळत नाही, मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागत नाहीत. बॅग चुकली मात्र की पायांवर सूज चढते, दम लागतो, पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. काम्य कर्माचे माप घेऊन या उपचाराकडे पाहणारे नातेवाईक ‘एवढे करून फरक काय पडला?’ असे विचारतात. फरक पडला नाही हेच येथे साधलेले असते, कारण कालचा माणूस आज तसाच आहे. नित्य कर्माची संकल्पना हे समजून घ्यायला चौकट देते.

या चौकटीत एक जुना वाद आहे आणि तो येथे फार उपयोगी पडतो. नित्य कर्म न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू कशी निर्माण होईल, अशी शंका घेतली गेली. शंकराचार्यांनी तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्यात या शंकेचा विचार करताना असा रोख धरला, की न केलेले कर्म दोष उत्पन्न करत नाही. आधीच साठलेले दुरित तेथे आहे, एवढेच त्यातून सूचित होते. नित्य कर्माचे प्रयोजन साठलेल्या दुरिताचा क्षय करणे हे आहे, असेही अनेकांनी मानले. शरीराच्या पातळीवर हे अक्षरशः खरे आहे. चुकलेली बॅग विष तयार करत नाही; अन्न पचवणे, स्नायू वापरणे, श्वास घेणे, म्हणजे जगणेच क्षणोक्षणी ते तयार करत असते, आणि निरोगी माणसाची मूत्रपिंडे ते त्याच्या नकळत बाहेर टाकत असतात. हा भेद नैतिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे, कारण आजाऱ्याच्या घरात बिघाड झाला की ‘कुणाचे चुकले’ याचा शोध लगेच सुरू होतो आणि त्यापाठोपाठ मागच्या जन्मीचे पाप, लागलेली नजर, फेडायचा राहिलेला नवस अशी कारणे पुढे येतात. साठणारा मळ हा पापाचा पुरावा नसून जिवंतपणाची खूण आहे, हे एकदा ध्यानात आले तर आजारी माणूस गुन्हेगाराच्या जागेवरून उठून पुन्हा घरच्या माणसाच्या जागी बसू शकतो.

राणीसावरगाव गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराळ भागात वसले आहे आणि तेथील रेणुकादेवीचे स्थान नवरात्रात परिसरातील भाविकांना ओढून आणते. अशा गावातल्या रुग्णापुढे दोन वाटा असतात. रक्ताच्या डायलिसिससाठी बहुधा आठवड्यातून तीनदा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन चार-चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागते. सरकारी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा २०१६ मध्ये झाली आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचाही आधार आहे, परंतु प्रवासाचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा दिवस यांचा हिशेब कोणत्याही योजनेत पुरता मावत नाही. त्या यंत्राला एका बैठकीत सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते, आणि शेजारच्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते हे या भागाने पाहिले आहे. पोटाचे डायलिसिस घरी होते, वीज गेली तरी अडत नाही, खाण्यापिण्याची बंधने तुलनेने सैल असतात, आणि राष्ट्रीय कार्यक्रमातही २०१९ मध्ये या पद्धतीसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली. दूरच्या गावासाठी हीच वाट रास्त वाटावी, इतके तिचे गुण आहेत.

तिची अडचण घराच्या आत सुरू होते. महिन्याला १२० बॅगा म्हणजे नुसत्या द्रावाचेच वजन २४० किलो, शेतकऱ्याच्या भाषेत जवळजवळ अडीच क्विंटल. ज्या कोपऱ्यात ज्वारीची पोती राहायची तेथे आता खोकी रचावी लागतात, आणि पत्र्याच्या घरात मे महिन्याच्या उकाड्यापासून त्यांना जपावे लागते. माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले घर उन्हाळ्यात थंड राहते, पण त्याच्या छतातून बारीक माती झडत असते, आणि नळीचे टोक उघडे असताना त्या मातीचा एक कण पडणेही परवडत नाही. म्हणून वर स्वच्छ कापड ताणून बांधायचे, दार लावायचे, पंखा बंद करायचा, तोंडाला मास्क लावायचा, साबणाने बोटांच्या पेरांपर्यंत हात धुऊन ते कोरडे करायचे आणि मगच टोपण काढायचे, हा क्रम दिवसातून चारदा पाळावा लागतो. निचरा झालेली बॅग उजेडात धरून तिच्यामागे छापील कागद ठेवतात. कालनिर्णयावरच्या तिथी-वाराची अक्षरे द्रावातून स्वच्छ वाचता आली तर ठीक, ती धूसर दिसली तर पोटात जंतूंचा शिरकाव झाल्याची शंका घ्यायची आणि वेळ न दवडता दवाखाना गाठायचा. त्याच कालनिर्णयाच्या चौकटीत किती भरले, किती निघाले, वजन किती, हेही पेन्सिलीने लिहिलेले असते.

ही शिस्त पाहताना मराठी मनाला सोवळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि अनेक घरांत ती शिकवायला सोवळ्याचाच दाखला दिला जातो. साम्य खरे आहे: दोन्हींत एक मर्यादा आखली जाते, दोन्हींत हात, वस्त्र आणि जागा यांचा विचार होतो. तरी दोन्हींचा पाया वेगळा आहे, आणि तो वेगळेपणा सांगितला नाही तर साम्य घातक ठरते. सोवळे व्यक्तीच्या जन्माकडे आणि अवस्थेकडे पाहते. जंतुविरहित शुद्धी केवळ हाताकडे पाहते, आणि तो हात कोणत्या जातीचा हे जंतूला कळत नाही. पाळीच्या दिवसांत सुनेने बाजूला बसण्याची रीत ज्या घरात अजून आहे आणि बॅग बदलायला तीच शिकलेली आहे, त्या घरात ते चार दिवस न शिकलेल्या हातांनी टोपण उघडावे काय, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर धर्माच्या आतूनच देता येते: शुद्धीचा हेतू जीवनाचे रक्षण हा असेल, तर ज्या शुद्धीने जीवन धोक्यात येते ती शुद्धी म्हणवून घेण्यास पात्र राहत नाही. स्वच्छ धुतलेले हात हेच त्या क्षणीचे सोवळे होय.

एवढे सारे काटेकोर पाळले तरी काळ आपले काम करतोच, आणि या उपचाराची खरी तत्त्वचिंतनीय अडचण येथे आहे. उदरपटलाचा जंतुदाह हा सर्वांत परिचित धोका. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२२ मध्ये त्याचे प्रमाण प्रत्येक रुग्णामागे वर्षाला ०.४० पेक्षा अधिक नसावे असे उद्दिष्ट ठेवले, म्हणजे उत्तम केंद्रातही काही वर्षांच्या वाटचालीत तो एखाद्या वेळी गाठतो हे गृहीत धरले आहे. प्रत्येक निचऱ्याबरोबर प्रथिने निघून जातात, दिवसाला साधारण पाच ते दहा ग्रॅम, आणि द्रावातील ग्लुकोज शरीरात शोषले जाऊन वजन, चरबी व मधुमेह वाढवते. माणूस एकाच वेळी जाड आणि कुपोषित होऊ शकतो. आरंभी मूत्रपिंडांत जे थोडेसे काम शिल्लक असते त्याचा मोठा आधार असतो, पण लघवी वर्षागणिक घटत जाते आणि सारा भार पडद्यावर येतो. पडदाही पूर्वीचा राहत नाही. जे ग्लुकोज पाणी ओढून आणते तेच वर्षानुवर्षे लागून पडद्याच्या पेशींना इजा करते. पडदा जाड होतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, ग्लुकोज झपाट्याने रक्तात शोषले जाते आणि पाणी ओढण्याची शक्ती ओसरते. मग अधिक तीव्र द्राव वापरावा लागतो, म्हणजे दीड टक्क्याच्या जागी अडीच किंवा सव्वाचार टक्क्यांचा, आणि तो पडद्याला आणखी इजा करतो. क्वचित प्रसंगी, बहुधा पाच वर्षांहून अधिक काळानंतर, पडदा आतड्यांभोवती कठीण कवचासारखा आवळत जातो. यज्ञाची वेदीच यज्ञाने झिजावी, अशी ही स्थिती आहे.

ही झीज पाहून उपचार व्यर्थ म्हणावा काय? आयुर्वेदाने रोगांचे वर्गीकरण करताना साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये ‘याप्य’ असा एक वर्ग ठेवला आहे. जो रोग मुळातून जात नाही, परंतु योग्य उपचार चालू असेपर्यंत आवरलेला राहतो आणि उपचार थांबताच डोके वर काढतो, तो याप्य. सुश्रुतसंहितेत याप्य रोग्याच्या उपचाराला पडू घातलेल्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. माळवदाखाली ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ही उपमा समजावून द्यावी लागत नाही: टेकू लावला म्हणजे तुळई नवी होत नाही, टेकूलाही वाळवी लागते, तो बदलावा लागतो, आणि तरीही त्या टेकूखाली लग्ने लागतात, बाळंतपणे होतात, पोरे अभ्यासाला बसतात. याप्य हा अपयशाचा वर्ग नाही. पूर्ण बरे होणे आणि मरणे यांच्या मधल्या प्रदेशात माणसाने जगण्याचा हक्क राखला आहे, याची ती शास्त्राने दिलेली मान्यता आहे. जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे १९७५ मध्ये स्थानबद्धतेच्या काळात निकामी झाली आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील उपचारांपासून ऑक्टोबर १९७९ मधील मृत्यूपर्यंत ते रक्ताच्या डायलिसिसवर होते. १९७७ च्या निवडणुकीतील त्यांची भूमिका याच याप्य देहाने पार पाडली. ज्यांच्या नावावर असा इतिहास नाही, त्यांनी त्या काळात नातवाला सायकल शिकवली असेल किंवा नुसते ओट्यावर बसून पावसाची वाट पाहिली असेल. याप्य जीवनाचे मोल त्यात कमी भरत नाही.

वर्षे जातात तसा उत्साह ओसरतो, आणि वैद्यकाला हे ठाऊक आहे की अनेक रुग्ण पडदा निकामी झाल्याने नव्हे, तर मन आणि हात थकल्याने ही पद्धत सोडतात. मीमांसेचा आणखी एक सिद्धान्त येथे आठवावा. जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात असा निर्णय केला आहे, की काम्य कर्म सर्व अंगांसह पुरे केले तरच फळ देते, नित्य कर्म मात्र यथाशक्ति करावे, म्हणजे एखादे गौण अंग जमले नाही म्हणून मूळ कर्म सोडू नये. वैद्यकातही आता याच दिशेने विचार होतो: ज्याच्या मूत्रपिंडांत थोडे काम शिल्लक आहे त्याला आरंभी कमी बॅगांवर ठेवणे, आकड्यांपेक्षा माणसाला बरे वाटण्याकडे लक्ष देणे. परंतु गौण कोणते आणि मुख्य कोणते, हे ठरवण्याचा अधिकार थकव्याला देता येत नाही. दुपारच्या बॅगेची वेळ डॉक्टरांना विचारून तासाभराने पुढे-मागे होऊ शकते. हात धुणे होऊ शकत नाही. यथाशक्ति या शब्दाचा अर्थ मनाला येईल तसे असा नाही. शक्ती कमी असताना कशाला धरून राहायचे याचा विवेक, असा तो आहे.

मीमांसेची चौकट अपुरी पडते ती कर्त्याच्या प्रश्नावर. तेथे यजमान हा कर्माचा स्वामी असतो. तांदूळ नसेल तर देवभात, म्हणजे रानभात, चालतो, अशी द्रव्याच्या बदलीला मुभा आहे, पण फलाच्या स्वामीला प्रतिनिधी नेमता येत नाही. डायलिसिसच्या घरात ज्याचा देह आहे तो आणि ज्याचे हात आहेत तो, हे वारंवार वेगळे असतात. दृष्टी अधू झालेल्या, बोटे थरथरणाऱ्या मधुमेही वृद्धाची बॅग बायको, सून किंवा मुलगी बदलते, आणि जरामर्य सत्र तिचेही होऊन बसते. तिला माहेरच्या लग्नाला जाता येत नाही, ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघता येत नाही, आजारीही पडता येत नाही. आयुर्वेद येथे मीमांसेच्या पुढे जातो. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता हे चार गुण असावेत अशी अपेक्षा आहे. परिचारक हा मदतनीस नसून चिकित्सेचा चौथा हिस्सा आहे, असा याचा अर्थ. मग त्या चौथ्या हिश्श्याची झीज कोण मोजतो, हा प्रश्न चरकाच्या वाचकाने आज विचारायला हवा.

या प्रश्नाचे उत्तर गंगाखेडच्याच मातीत शोधता येते. संत जनाबाईंचे जन्मगाव म्हणून परंपरा गंगाखेडचा निर्देश करते. तेथून पंढरपुरास नामदेवांच्या घरी आलेल्या या दासीचे आयुष्य दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे यांत गेले, आणि ही कामे उद्या पुन्हा पहिल्यापासून करायची असतात. जात्यातले पीठ संध्याकाळी संपते, भरलेला रांजण सकाळी रिकामा होतो. वारकरी परंपरेने या कामांना कमी लेखले नाही. जनाबाईंच्या जात्याच्या खुंट्याला विठ्ठलाने हात लावला, अशी श्रद्धा या परंपरेने जपली. या श्रद्धेचा आशय चमत्कारापुरता नाही. जाते एकट्याने ओढणे जड जाते आणि समोर दुसरे कोणी बसले की तेच हलके फिरते, हा दळणाऱ्या प्रत्येक बाईचा अनुभव आहे. देव भेटतो तो दुसऱ्या हाताच्या रूपाने, हे त्या श्रद्धेने सांगितले. पोटाच्या डायलिसिसचे दीर्घकालीन संकट म्हणून जे सांगितले जाते त्याचा मोठा भाग एकट्या हाताचे संकट आहे. घरात आणखी एकाने बॅग बदलायला शिकणे, आशाताईंनी येता-जाता नळीची जागा पाहणे, शेजाऱ्याने खोकी उतरवू लागणे, केंद्रातल्या परिचारिकेने फोन उचलणे, शासनाने द्रावाचा पुरवठा एकाही महिन्यात खंडू न देणे, हे सारे त्या खुंट्याला लागलेले हात आहेत. ज्या समाजात देवाने दळू लागल्याची कथा आवडीने सांगितली जाते, त्याला हे दळण एकट्या सुनेवर टाकून मोकळे होता येणार नाही.

व्रते आणि नवस यांविषयीही येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण रुग्णाच्या धार्मिक जीवनात अडचणी तेथेच येतात. रेणुकेच्या नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास साबुदाणा, बटाटा आणि फळे यांवर काढले, तर रोज प्रथिने गमावणाऱ्या देहाला ती पुरेशी मिळत नाहीत. पर्वणीला गंगाखेडच्या घाटावर गोदावरीत बुडी मारली, तर नळीच्या जागेतून जंतू शिरू शकतात. या गोष्टी सोडाव्या लागल्याने अनेकांना आपण देवाला अंतरलो असे वाटते. वास्तविक धर्मशास्त्राने आतुराला, म्हणजे आजाऱ्याला, स्नान-उपवासाच्या नियमांतून सवलत दिलेली आहे, आणि गावातल्या मुसलमान कुटुंबांतही आजाऱ्याला रोजातून सूट असल्याचे कुराणाच्या आधारे मानले जाते. गीतेने शरीरयात्राही कर्मावाचून चालत नाही असे सांगून देह चालवण्याच्या कामाला कर्माचा दर्जा दिला. मग जो दिवसातून चारदा एकाग्रतेने, शुचितेने, फळाची आशा न धरता देह चालवतो, त्याचा उपवास मोडला तरी व्रत मोडले असे म्हणता येणार नाही.

शेवटचा प्रश्न थांबण्याचा आहे. पडदा थकला तर रक्ताच्या डायलिसिसकडे वळता येते, १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्याच्या चौकटीत रोपणाची वाट काहींना मिळते. पण वार्धक्य, हृदयविकार आणि वारंवारचे जंतुदाह यांनी घेरलेल्या एखाद्या माणसाला असा दिवस येतो, की उपचार देहाला टिकवण्याऐवजी नुसता शिणवू लागतो. गीतेने देहाला क्लेश होतील या भीतीने कर्म सोडण्याला राजस त्याग म्हटले आहे, आणि थकव्याच्या पहिल्याच लाटेत उपचार सोडू पाहणाऱ्याला हा इशारा लागू पडतो; त्याला त्या वेळी दुसरा हात हवा असतो, पूर्णविराम नको असतो. परंतु प्रत्येक थांबणे राजस नसते. ज्या परंपरेने अग्निहोत्राला जरामर्य म्हटले तिनेच त्यातून बाहेर पडण्याची विधियुक्त रीतही दिली: संन्यास घेणारा अग्नी विझवून टाकत नाही, तो अग्नीचे आपल्या ठायी समारोपण करतो, बाहेरची आहुती थांबते आणि अग्नी आत घेतला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्काला आणि जिवंतपणी केलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, व २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. डॉक्टर, घरचे आणि स्वतः रुग्ण यांनी विचारपूर्वक, वेदना व धाप यांवरचे उपचार चालू ठेवून डायलिसिस थांबवण्याचा निर्णय घेतला, तर त्याला आत्मघात म्हणणे किंवा त्या घराला कर्तव्यच्युत ठरवणे अन्यायाचे होईल. ज्या सुनेने पाच वर्षांत सात हजारांवर बॅगा बदलल्या, तिच्यावर शेवटच्या न बदललेल्या बॅगेचा दोष ठेवणारा धर्म हिशेबातही चुकतो आणि करुणेतही.

अशा रीतीने पोटाच्या डायलिसिसचा दीर्घ प्रवास फळाच्या भाषेत मांडता येत नाही. तो नित्यत्वाच्या, याप्यतेच्या आणि वाटून घेतलेल्या कष्टांच्या भाषेतच समजतो. मीमांसेने या कर्माला अर्थ दिला, आयुर्वेदाने त्याला दर्जा दिला, आणि जनाबाईंच्या परंपरेने ते एकट्याने करायचे नसते हे सांगितले. घरातल्या कालनिर्णयाची पाने उलटतात, प्रत्येक चौकटीत पेन्सिलीचे चार आकडे असतात, आणि महिना संपला की त्या आकड्यांनी काय मिळवले असे कोणी विचारले, तर पुढचे पान उलटायला माणूस घरात आहे, हे त्याचे उत्तर असते.